रोडगे माझे, उपासही माझा

अकोल्याच्या बसस्थानकावर अमरावतीची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात एक फुगलेली पिशवी होती आणि तिच्यात माझं काहीच नव्हतं. केळी, ज्वारीच्या भाकरी, गूळ, भाजलेले शेंगदाणे आणि एक उशी. उशी माझ्या नातीची, रेणूची. परक्या उशीवर तिला झोप येत नाही, आणि तिच्या पळण्याच्या मॅडमनी मला बजावलं होतं, "आजी, पळायचं काम तिचं. खाणं आणि झोप तुमच्या ताब्यात."

दुसऱ्या दिवशी रविवारी चिखलदऱ्याला डोंगरातली शर्यत होती. पहिल्या तिघींत आली तर विद्यापीठाच्या संघात निवड. नाही आली तर पळणं बंद आणि स्पर्धा परीक्षेचा क्लास सुरू, असा तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या लेकाचा, हुकूम होता. याआधी दोनदा पोरगी अर्ध्या वाटेपर्यंत पुढे होती आणि शेवटच्या चढाला गळाठली होती. घरात सगळे म्हणाले, हिंमत कमी पडते. मॅडमनी एवढंच विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतंस?" चहा. "आणि रात्री?" रात्री बाईसाहेब मोबाइल पाहत जाग्या होत्या. "मग शेवटच्या चढाला अंगात राहणार काय? आणि झोप म्हणजे आळस नव्हे, रेणू. दिवसभर झिजलेलं शरीर झोपेत भरून निघतं. झोप हाही सरावच."

गाडी मूर्तिजापूरकडे निघाली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधूनमधून तुरीच्या पिवळ्या ओळी. रेणू उशी खिडकीला टेकवून झोपली. समोरच्या बाईला राहवेना.

"पोरगी बिमार हाय का?"

"नाई वं बाई. उद्या पळाचं हाय तिले."

"मंग आज काहून (का) झोपून राहिली?"

"उद्या पळाचं हाय म्हणूनच."

बाईने माझ्याकडे असं पाहिलं की बिमार मीच असावी.

तिला हसायचा मला हक्क नाही. अमरावतीत बसमधून उतरून केलेली रिक्षा एका मैदानाजवळून गेली आणि मला दोन वेण्या घातलेली एक शहाणी आठवली. ती म्हणजे मीच, पण मी तिला 'ती' म्हणते, कारण इतक्या वेडपट मुलीशी नातं सांगायला लाज वाटते. शाळेकडून ती याच मैदानावर पळायला आली होती. जिंकायचंच म्हणून आदल्या संध्याकाळी पाय भरून येईस्तोवर पळाली. आनंदाच्या भरात रात्रभर झोपली नाही. आणि देव खूश व्हावा म्हणून पाण्याचा थेंबही न घेता उपास धरला. वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे होती, वळणावर थेट आडवी. तोंडावर पाणी मारणारा देखणा तरुण पुढे माझा नवरा झाला असता तर सांगायला बरं होतं. पण ते पाणी शाळेच्या मिशाळ शिपायाने मारलं, आणि तेही बादलीभर. घरी येऊन तिने सांगितलं, ऊन लागलं. महिना थंडीचा होता.

अमरावतीत आमची उतरायची जागा म्हणजे माझ्या विहीणबाई, रेणूच्या आईची आई. मॅडमनी सांगितलं होतं, आदल्या दिवशी साधा वरण-भात, पोटाच्या ओळखीचं. विहीणबाईंनी अंगणात गोवऱ्या पेटवून रोडगे (कणकेचे भाजलेले गोळे) लावले होते. सोबत वांग्याची भाजी, घट्ट वरण आणि तुपाचं पातेलं. वऱ्हाडात पाहुण्याने "पुरे" म्हटलं की वाढणारीला ते "अजून दोन" असं ऐकू येतं.

"घे वं रेनू! वाळून काडी झाली. अशी पळशीन कशी?"

"आज्जी, मॅडमनी तेलकट-तुपकट..."

"मॅडमले काय समजते? तूप म्हंजे ताकद."

विहिणीला नाही म्हणायचं धाडस मला मुलाच्या लग्नापासून झालेलं नाही. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. विहीणबाई भाजीला आत वळल्या की रेणूच्या ताटातला रोडगा माझ्या ताटात. रेणूने वरणात भात कालवून खाल्ला. मी तिच्या वाटणीची ताकद रिचवत बसले. निघताना विहीणबाईंनी तिला कुंकू लावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. मी तुपाच्या गुंगीत होते. ऐकलं नाही, इथेच चुकलं.

परतवाड्यानंतर घाट लागला आणि रोडग्यांनी आपापली जागा सोडली. प्रत्येक वळणाला मी खिडकीबाहेर, आणि रेणू माझी पाठ चोळतेय. कंडक्टर म्हणाला, "आजी, उद्याच्या शर्यतीले तुमी हाय का?" मी मान हलवून नाही म्हटलं. तोंड उघडायची सोय नव्हती.

वर पोचलो तेव्हा दरीवर ऊन कलत होतं. हवेत गारवा आणि खवा आटवल्याचा गोड वास. दुकानात कढईत रबडी दाटत होती. रेणूने लांबून पाहिलं. "उद्या," मी म्हटलं. मुक्कामाच्या जागी तिने भात खाल्ला, मोबाइल माझ्या पिशवीत टाकला आणि दिवे लागले तशी आपल्या उशीवर झोपून गेली. माझ्या मनात आलं, जिंकलो.

पहाटे भाकरीवर गूळ कुस्करला, केळं सोललं आणि तिच्यापुढे ठेवलं. रेणूने हात मागे घेतला.

"आजी, आज चतुर्थी आहे."

"बरं मंग?"

"अमरावतीच्या आज्जीला शब्द दिलाय. चंद्र दिसेपर्यंत फक्त पाणी. म्हणजे नंबर येतो म्हणाली."

दोन वेण्यांची ती शहाणी पुन्हा माझ्यापुढे बसली होती, फक्त केस कापलेले. भूक, झोप, सराव सगळं जुळवून आणलं होतं आणि आता पोरगी पाण्यावर डोंगर चढणार होती. मी समजावलं, दटावलं, मैदानावरच्या बादलीची गोष्टही सांगितली. पोरगी रडवेली झाली. "शब्द मोडला आणि हरले तर? आयुष्यभर तेच वाटेल."

खरं होतं तेही. शब्द न मोडता भाकरी पोटात जायला हवी होती. फोनला रेंज फक्त जवळच्या देवळाच्या पायऱ्यांवर येत होती. रेणूचा हात धरून मी धुक्यात तिथवर गेले, तिच्यासमोरच विहीणबाईंना उठवलं आणि आवाज मोठा ठेवला.

"विहीनबाई, पोरीले उपास सांगतला का तुमी?"

"मंग? बाप्पाचा दिवस हाय."

"तुमची लेक बाळंत झाली तवा तिच्या चतुर्थ्या कोनं धरल्या होत्या?"

"म्याच धरल्या. ओली बाळंतीन उपाशी ठेवाची का?"

"मंग डोंगर चढनारी पोरगी ठेवाची का? तिचा आजचा उपास म्या घेतला."

विहीणबाई उसळल्या. "तुमी काहून? सांगतला म्या, धरनार बी मीच!"

"काल तिच्या वाटचे रोडगे म्या खाल्ले. आज उपासबी माहाच (माझाच)."

"दिसलं होतं मले ते," विहीणबाई म्हणाल्या. "आतून सारं दिसते."

मी रोडग्यांचा विषय तिथेच सोडला. उपासावर हक्क कुणाचा, यावर आम्ही भांडलो, आणि शेवटी निवाडा त्यांनीच दिला. "दोघीबी धरू. ऐकून राहिली का वं रेनू? तुह्या दोन आज्या आज उपाशी हायेत. तू खाय माय, पोटभर खाय."

रेणू हसली आणि तिथेच पायरीवर बसून भाकरीला लागली. मी विचारलं, "विहीनबाई, चाय चालते ना?"

"चालते. चाय काई जेवन हाय का?"

शर्यतीपर्यंत तिच्या पोटाला सावकाश पचवायला वेळ होता. धुकं वर सरकलं तशी पोरी सुटल्या. मी काठी टेकत शेवटच्या चढावर जाऊन उभी राहिले, कारण काय व्हायचं ते तिथेच होणार होतं. बराच वेळ नुसते पक्षी आणि माझ्या पोटातली गुरगुर. मग पहिली आली, लांब ढांगांची, तिला कुणी गाठणार नव्हतं. दुसरी आली. तिसरी. रेणू चौथी.

पण तिचा चेहरा पाहिला आणि कळलं. मागच्या दोन वेळी याच जागी तिचे डोळे विझलेले होते. आज ती चढाकडे भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तशी बघत होती. तिसरीचे खांदे पडले होते. "रेनू! रबडी!" मी ओरडले. दुसरं काही सुचलंच नाही. ती तिसरीच्या बाजूने गेली, आणि वळणावर दुसरीच्याही. टेकाडावरून मला शर्यत संपायची पताका दिसत होती. रेणू दुसरी!

चढावर उभ्या अनोळखी माणसांना मी मिठ्या मारल्या. 'ती' मात्र त्या जुन्या मैदानावर अजून आडवीच होती. पडून राहू दे म्हटलं. भाकरी खाऊन आली असती तर!

लेकाला फोन केला. तो म्हणाला, "क्लासचं नंतर बघू." आमच्या घरात 'नंतर बघू' म्हणजे हार पत्करली. रेणूने रबडीचा द्रोण चाटूनपुसून संपवला. मी चहा घेतला, आणि त्या दिवशी द्रोणाकडे पाहण्याला कुणी उपास मोडणं म्हणत असेल तर माझा मोडला.

संध्याकाळी अमरावतीत पोचलो. रेणू वरण-भात जेवली आणि गच्चीला लागून असलेल्या खोलीत आपल्या उशीवर आडवी झाली. आम्ही दोघी विहिणी गच्चीवर, पोटात कावळे, नजर पूर्वेच्या घरांवर. या रांगेतली तिसरी पाण्याची टाकी ओलांडली की चंद्र दिसतो, असं विहीणबाई सांगत होत्या. घराघरांच्या गच्चीवर बायका अशाच उभ्या होत्या. मला वाटलं, आयुष्यभर आपण किती जणांसाठी उपाशी राहिलो. कुणाला जेवता यावं म्हणून उपाशी राहण्याची ही पहिलीच वेळ.

टाकीमागून चंद्र वर आला. विहीणबाईंनी निरांजन लावलं आणि खोलीकडे वळल्या. "पोरीले उठवू का? नंबर आला, आरतीले तरी यीन."

मी त्यांचा पदर धरला.

"राहू द्या, विहीनबाई. तिचा सराव चालू हाय."