इस्त्री केलेल्या पावत्या

आमच्या मावशीचं इस्त्रीचं दुकान आहे. बत्तीस वर्षं लोकांचे कपडे कडक करून करून तिला घरातही चुरगळलेलं काही खपत नाही. पडदे, नोटा, माझं शाळेचं प्रगतिपुस्तक, सगळ्यांवरून तिची इस्त्री फिरलेली आहे. कौतुक करावं की कपाळाला हात लावावा, तेच कळत नाही.

याच खोडीपायी ती गोत्यात आली. वाफेच्या मोठ्या मशीनसाठी तिने एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढलं होतं. दर महिन्याला काउंटरवर रोख हप्ता भरायचा, पावती घरी आणायची, इस्त्री करून डब्यात ठेवायची. हाताने लिहिलेल्या पावत्यांना काही झालं नाही. शेवटच्या तीन मात्र छापील आल्या, गुळगुळीत कागदावर. इस्त्री टेकताच काळ्याकुट्ट! "मेले, कागदसुद्धा धड वापरत नाहीत," म्हणून मावशीने त्या तशाच ठेवल्या.

कर्ज फिटलं म्हणून ती निर्धास्त होती, तोच वसुलीवाला दारात.

"तीन हप्ते थकलेत. सोमवारपर्यंत दंडासकट भरा, नाहीतर मशीन उचलतो."

मावशीने पावत्या काढल्या. तो खो खो हसला.

मशीन गेलं असतं तर दुकानाला टाळंच लागलं असतं. तो गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, भरून टाकू या. कटकट नको."

"एकदा भरलेत. परत भरायला मी काय वेडी आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्राहक मदत केंद्रात गेलो. फायलींच्या ढिगाऱ्यामागे एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी काळी पावती घेतली आणि शांतपणे उलटी केली. मागे कॅशियरचा शिक्का, तारीख आणि सही, सगळं निळ्या शाईत शाबूत. आम्हा दोघांपैकी कुणीही कागद उलटून पाहिला नव्हता!

बाईंनी अर्ज सांगितला, मावशीने लिहिला. या तीन तारखांना भरलेली रक्कम कुणाच्या खात्यात गेली ते दाखवा, आणि उत्तर देईपर्यंत मशीनला हात लावू नका. एक प्रत कंपनीत दिली, दुसरीवर पोच घेतली.

सोमवारी वसुलीवाला टेम्पो घेऊन आला. मावशीने पोच पुढे केली. "खुशाल उचल. पण आधी इथे लिहून दे, की तक्रार वाचूनही उचललं म्हणून."

त्याने कुणाला तरी फोन लावला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. मावशीने पुढचा शर्ट घेतला.

पंधरा दिवसांनी कंपनीने बोलावलं. तिन्ही हप्ते भलत्याच ग्राहकाच्या खात्यात चढले होते. मॅनेजरने हसतमुखाने पत्र दिलं: 'आपली थकबाकी व दंड विशेष बाब म्हणून माफ करण्यात येत आहे.'

मावशीने ते सावकाश वाचलं आणि परत सरकवलं.

"माफ कशाबद्दल?"

"अहो काकू, आता एक पैसाही भरायचा नाही तुम्हाला."

"तो नव्हताच भरायचा. थकबाकी कधी नव्हती, चूक तुमची होती, असं लिहा. आणि माफीचं म्हणाल, तर ती तुम्ही मागायची आहे."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. अर्ध्या तासाने नवं पत्र आलं, हवं तसं. ते हातात देताना तो पुटपुटला, "माफ करा, काकू."

मावशीने जरा विचार केला.

"केलं," ती म्हणाली.