नोबुएबाईंनी शिक्का मारला नाही

ओसाकाच्या त्या गल्लीत थंडी पडली की बेसबॉल बंद होतो आणि बेसबॉलवरची भांडणं सुरू होतात. सामने चालू असतात तेव्हा माणसं निदान मधूनमधून टीव्हीकडे बघतात, तेवढीच जिभेला सुटी. नोव्हेंबर ते मार्च तीही नाही. हामागुचीशेठच्या खानावळीत रॉकेलची शेगडी पेटते, तिच्याभोवती स्टुलं सरकतात, आणि घरी बायकोला विचारल्याशिवाय मोजे न घेणारी माणसं कोटीकोटी येनचे निवाडे करायला बसतात.

या न्यायमूर्तींना खाऊ घालायचं काम बावीस वर्षं नोबुएबाई करत होत्या. नवरा गेल्यावर तोकुशिमाहून मुलीला घेऊन आलेल्या. तेव्हाच्या आचाऱ्याचं मनगट मोडलं होतं, म्हणून शेठच्या वडिलांनी त्यांना दोन आठवड्यांसाठी ठेवलं. मनगट केव्हाच बरं झालं, आचाऱ्याने पुढे टॅक्सी घेतली, वडील वारले, पण ते दोन आठवडे काही संपले नाहीत. ओकोनोमियाकी म्हणजे कोबी आणि डुकराचं मांस घातलेलं जाडजूड थालीपीठ. ते उलटताना भले भले फाडतात. नोबुएबाई दोन उलथनी खाली सरकवत, मनगट जरासं वळवत, आणि थालीपीठ कुशीवर वळलेल्या बाळासारखं निमूट पालथं होई. आणि हे सगळं करताना त्यांचे कान शेगडीकडे असत.

दर डिसेंबरात संघाच्या कचेरीत एकेक खेळाडू काळा सूट घालून जातो, पुढच्या वर्षाच्या पगाराचा आकडा ऐकतो, पटला तर करारावर सहीऐवजी नावाचा शिक्का मारतो, आणि नाही पटला तर न मारताच बाहेर येऊन पत्रकारांसमोर तोंड पाडून बसतो. वर्तमानपत्रात आकडे छापून येतात, तेही अंदाजाने. हे अंदाज शेगडीभोवतीच्या मंडळींना मान्य नसत. म्हणून डिसेंबरातल्या पहिल्या सोमवारी, खानावळीच्या सुटीच्या दिवशी, दुपारी त्यांची स्वतःची पगारसभा भरे. अध्यक्ष यानोसाहेब. हे जन्मभर एका विमा कंपनीत नकार लिहीत आलेले, आता निवृत्त. त्यांच्याजवळ वही. विरोधी पक्ष म्हणजे कुरामोतो, तातामीच्या चटया विणणारा, आवाज असा की गल्लीतली मांजरं त्याला ओळखून वाट बदलतात.

त्या वर्षी पहिलंच नाव निघालं नारुमोतोचं. संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, देखणा, केस पिवळे केलेला.

"अठरा कोटी येन!" कुरामोतो ओरडला. "कशाचे? शंभरातले सव्वीस चेंडू लागतात त्याला. मी शंभरातल्या सव्वीस चटया नीट विणल्या असत्या, तर गिऱ्हाइकांनी मलाच विणून काढलं असतं!"

"चटई तुझ्याकडे ताशी दीडशे किलोमीटरने येत नाही," यानोसाहेब म्हणाले. "आता वर्तणूक. जूनमध्ये हेल्मेट आपटलं. पन्नास लाख कापा. ऑगस्टमध्ये पाण्याच्या पिंपाला लाथ मारली. वीस लाख."

"पिंप फुटलं का?"

"पोचा आला."

"मग दहाच कापा. आणि ती टीव्हीवरची हवामानवाली? हातात हात घालून फोटो छापलाय दोघांचा."

"तिचे कशाला कापायचे? तिच्यापायी पोरगं निदान अकरा वाजता घरी जातं."

असं करत करत चाळीस खेळाडूंचे पगार ठरले. दोघांना काढून टाकलं, एकाला लग्न करायचा सल्ला दिला, प्रशिक्षकाला एकमताने मूर्ख ठरवलं. यानोसाहेबांनी वही मिटली. तेवढ्यात आतल्या पडद्यामागून नोबुएबाई आल्या. ॲप्रन नाही. अंगात काळा सूट, पांढरा ब्लाउज, गळ्यात मोत्यांची एकपदरी माळ.

"अरे देवा, कोण गेलं?" कुरामोतो उठून उभा राहिला. कारण तो सूट त्याने फक्त अंत्ययात्रांना पाहिला होता.

"कुणी गेलं नाही. बसा." नोबुएबाई स्टूल ओढून शेठच्या समोर बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवले. "एक खेळाडू राहिलाय."

हामागुचीशेठ म्हणजे पन्नाशीचा गोल माणूस. खानावळीत त्याचं काम बिअर ओतणं आणि हसणं. त्याने हसून बघितलं. कुणी साथ दिली नाही, कारण यानोसाहेबांनी वही पुन्हा उघडली होती आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती.

"कात्सुरागी नोबुए," ते म्हणाले. "बाविसावा हंगाम. गैरहजेरी?"

"चार दिवस. मुलीचं लग्न आणि दाढ."

"उलटताना मोडलेली?"

"अकरा."

"बारा!" कुरामोतो. "गेल्या पावसाळ्यातलं माझं धरलं नाही."

"ते तुमच्या कोपराने मोडलं. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, तव्यापाशी नारुमोतोची नक्कल करू नका."

"वर्तणूक," यानोसाहेब गंभीरपणे पुढे गेले. "कुरामोतोला दोनदा बाहेर काढलं."

"ते बक्षीसपात्र आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

मंडळी अशी रंगली की विचारू नका. माणूस परक्याच्या खिशातून दान करायला बसला की त्याच्यासारखा दानशूर नाही. तासाला शंभर येन वाढवा. छे, दीडशे! बोनस द्या! कुरामोतो तर म्हणाला की विदेशी संघ नोबुएबाईंवर डोळा ठेवून आहेत, म्हणजे कोपऱ्यावरचा शेवयावाला. शेठच्या कपाळावर घाम आला. "अहो, माझं दुकान आहे ते," तो पुटपुटत होता. शेवटी तासाला एकशेवीस येनवर टाळ्या पडल्या. शेठने सुस्कारा टाकून कागद पुढे केला.

नोबुएबाईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पैसे किती ते तुम्ही ठरवा. मला घरच्या मैदानावरचा सलामीचा सामना बघायचाय. मैदानात बसून. आपल्या खुर्चीवर."

शेगडीतली वात तेवढी फुरफुरली.

आपल्या खुर्च्या म्हणजे दोन. मंडळींनी वर्गणी काढून वर्षभराच्या घेतलेल्या, पहिल्या बेसच्या मागे. कोण केव्हा बसणार याचा तक्ता यानोसाहेबांच्या वहीत. बाकी सामने पाळीपाळीने, पण सलामीच्या दिवशी एक खुर्ची यानोसाहेबांची आणि दुसरी कुरामोतोची, चौदा वर्षं. त्या चौदाही वर्षांत नोबुएबाईंनीही वर्गणी भरलेली, महिन्याच्या महिन्याला. तक्त्यात मात्र त्यांचं नाव कधी आलं नाही. मुद्दाम कुणी वगळलं नव्हतं, आठवलंच नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी या संघावर रोज पाच तास ऐकलं होतं आणि मैदान एकदाही पाहिलं नव्हतं, कारण सामना असला की खानावळीत पाय ठेवायला जागा नसे.

"पण बाई," शेठ कळवळला, "सलामीच्या दिवशी तव्यावर कोण उभं राहणार?"

"तुमच्या वडिलांचा तवा आहे ना? मग तुम्ही."

"एकशेवीसचे दोनशे करू या का?" यानोसाहेब घाईघाईने म्हणाले. दोनशे येन त्यांचे नव्हते. खुर्ची त्यांची होती.

नोबुएबाई उठल्या, कमरेत वाकून नमस्कार केला. "मी आज शिक्का मारत नाही." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या बरोबर सहाला आल्या. शेठचा जीव भांड्यात पडला. पण त्या तव्याच्या पलीकडे गेल्याच नाहीत. गिऱ्हाइकाच्या बाजूला बसल्या, हात पुसायचा गरम रुमाल मागितला आणि म्हणाल्या, "एक डुकराचं."

शेठने केलं. पालथं घालताना अर्धं तव्यावर राहिलं, अर्धं त्याच्या चपलेवर पडलं. तव्यावरचं अर्धं नोबुएबाईंनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं, पैसे ठेवले, "छान झालं होतं" म्हणाल्या आणि घरी गेल्या. बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. एक शब्द वावगा नाही. एखादीने भांडी आपटली असती तर शेठला बरं वाटलं असतं. हे "छान झालं होतं" ऐकून तो आत जाऊन तोंडावर पाणी मारून येई. शुक्रवारपर्यंत निम्मी गिऱ्हाइकं शेवयावाल्याकडे वळली, आणि शेगडीभोवतीची मंडळी कच्च्या कोबीने पोट धरून बसली.

"यानो," कुरामोतो म्हणाला, "खुर्ची दे."

"मीच का? तूही बसतोस."

"माझी पाठ दुखते. मला खुर्ची लागते."

"मग घरी बस! घरी खुर्ची नाही?"

"बरं, मला एक सांग. चौदा सलाम्या पाहिल्यास. त्यातल्या आपण जिंकल्या किती?"

यानोसाहेबांनी वही उघडली. आकड्याचा प्रश्न विचारला आणि त्यांनी वही उघडली नाही, असं कधी झालं नव्हतं. तोच त्यांचा घात. बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"चार," ते म्हणाले.

"आणि तू त्या खुर्चीवर बसायच्या आधीच्या चौदा?"

पानं उलटली.

"दहा."

कुरामोतोही त्याच खुर्च्यांत चौदा वर्षं बसत होता, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. आणि कुरामोतोने ते ध्यानात आणून द्यायचं काही कारण नव्हतं. यानोसाहेबांचा चेहरा मात्र पडला. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना कागद दाखवून गप्प केलं, त्याला आज त्याच्याच अक्षरातला कागद दाखवत होता की संघाची पनवती तूच.

"संघाच्या हितासाठी," ते बारीक आवाजात म्हणाले, आणि तक्त्यातलं आपलं नाव पट्टी धरून खोडलं.

शनिवारी करार झाला. नोबुएबाई पुन्हा त्याच सुटात. शिक्का लाल शाईत बुडवला, कागदावर ठेवला, दाबला. मंडळींनी भिंतीला चादर लावून पत्रकार परिषदसुद्धा घेतली. कुरामोतोने त्यांच्या तोंडासमोर माइकसारखा कलथा धरला.

"कात्सुरागी खेळाडू, वाटाघाटी ताणल्या गेल्या. आता काय भावना आहेत?"

"व्यवस्थापनाने माझं मोल जाणलं, त्यांची आभारी आहे. पुढच्या हंगामात संघासाठी जमेल तेवढं करीन." एवढं बोलून त्यांनी खेळाडू झुकवतात तशी मान झुकवली, आणि सगळे हसता हसता शेगडीवर कोसळायचे राहिले. मग त्यांनी ॲप्रन बांधला. त्या रात्री खानावळीत जेवढी थालीपीठं उठली, तेवढी नव्या वर्षालाही उठली नव्हती.

एप्रिल उजाडला. सलामीच्या दिवशी नोबुएबाई दुपारी तीनलाच मैदानाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सामना सहाला होता. पायऱ्या चढून वर आल्या आणि समोर ते हिरवंगार मैदान दिसलं तेव्हा शेवटच्या पायरीवरच थबकल्या. "टीव्हीत एवढं मोठं नसतं," एवढंच म्हणाल्या. कुरामोतोने त्यांना पिवळी फीत बांधायला दिली. त्यांनी ती कपाळाला नेटकी बांधली आणि पहिल्या डावापासून उभ्या राहून ओरडायला लागल्या. मागच्या रांगेतला एक बाप्या म्हणाला, "काकू, बसा की जरा." त्यावर त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं उभी आहे, आता कुठे बसू?"

फोन तिसऱ्या डावात पहिल्यांदा वाजला.

"पिठात पाणी किती?" शेठ.

"हाताला कळतं."

"माझ्या हाताला कळत नाही हो!"

चौथ्या डावात आल्याचं लोणचं सापडेना. पाचव्यात यानोसाहेबांनी स्वतः फोन केला, गॅसचा खटका नक्की कोणत्या बाजूला, कारण त्यांनी बंद केल्यावर ज्योत वाढली होती. सहाव्यात कुणीच फोन केला नाही आणि नोबुएबाईंना चैन पडेना. सातव्यात धावफलकावर दोन्हीकडे शून्य. कुरामोतो तिसऱ्या बिअरचा निकाल लावायला खाली गेला होता. फोन वाजला. पर्स पायाशी. त्या वाकल्या. घड्या केलेली पिशवी, चष्म्याचं घर, पेपरमिंट, आणि खाली कुठेतरी तो फोन.

तेवढ्यात आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. चाळीस हजार माणसं एका दमात उठली. नोबुएबाई पर्समधून मान वर काढतात तो चौफेर पाठीच पाठी आणि फडकवलेले टॉवेलच टॉवेल. पाठींची भिंत फुटेपर्यंत आपला जाडजूड कॅचर, म्हणजे बेसबॉलातला यष्टिरक्षक, सगळे बेस धावून परत आलासुद्धा होता. होमरन, चेंडू थेट कुंपणापार. सामन्यातली एकमेव धाव. कुरामोतो पँट सावरत वर आला. "काय झालं? काय झालं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुणाला सांगायचं नाही," नोबुएबाई म्हणाल्या.

"मी कशाला सांगतो? मी तर संडासात होतो!"

सामना एक-शून्यने जिंकला. दोघं खानावळीत परतली तेव्हा शेठच्या भुवया जळालेल्या, यानोसाहेबांच्या केसांत कोबी आणि तव्यावर एक काळं वर्तुळ. पण मंडळी भान हरपून बसलेली. "सांगा, सांगा! तो फटका कसा होता?"

नोबुएबाईंनी पर्स ठेवली, पाणी प्याल्या. आणि सांगितलं. चेंडू आत कसा वळला. कॅचरने डावा पाय कसा रोवला. बॅटला लागताक्षणी कळलं, कारण आवाजच वेगळा, सुक्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा. मग तो वर, दिव्यांच्याही वर, क्षणभर चंद्राला टेकल्यासारखा, आणि डाव्या कुंपणापलीकडे तिसऱ्या रांगेत एका टकल्याच्या मांडीवर. कुरामोतो प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. टकल्यापाशी त्याचे डोळे पाणावले.

यानोसाहेबांनी घसा साफ केला. वही त्यांच्या हातात होतीच. "नोबुएबाई, माफ करा, पण टीव्हीवर तो उजवीकडे गेला. तीनदा दाखवला."

नोबुएबाईंनी ॲप्रनची गाठ मारली, शेठच्या हातातून उलथनी काढून घेतली आणि ते काळं वर्तुळ तव्यावरून खरवडायला लागल्या.

"यानोसाहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही टीव्हीवर बघत होतात. आम्ही तिथे होतो."

यानोसाहेबांनी कुरामोतोकडे पाहिलं. कुरामोतोने छातीवर हात ठेवला. मग यानोसाहेबांनी पेन काढलं आणि वहीत लिहिलं: डावीकडे.