पांढरी अक्षरं आतल्या बाजूला

माझ्या सासुरवाडीत एका टायरवाल्याला आठ-नऊ वर्षं लबाड समजलं जात होतं. तो लबाड नव्हता, लबाड मी होतो. एवढं बोलायला मला आठ-नऊ वर्षं लागली. मी मुळातच कमी बोलतो, पण प्रत्येक वेळी गप्प बसणं म्हणजे स्वभाव नसतो. काही वेळा ती सोय असते.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या भागांमधली केसाएवढी चूक शोधायची आणि त्यावर लाल खूण करायची, हे माझं दिवसभराचं काम. तिथे माझ्या नजरेतून काही सुटत नसे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एक जुनी छोटी गाडी घेतली. गाडी बरी होती, टायर मात्र पार गुळगुळीत झाले होते. नवीन घ्यायचे म्हणजे सासऱ्यांना विचारणं आलंच. त्यांना मी मामा म्हणतो. मामांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर घरातल्या बाकीच्या गोष्टींत त्यांना कुणी विचारेनासं झालं होतं. भाजी सासूबाई ठरवायच्या, टीव्हीवर काय लावायचं ते नातवंडं. पण चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द मामांचा. नातवाच्या तीनचाकी सायकलला तेलसुद्धा त्यांना विचारून घालायचे.

"स्वस्तातले घ्या, जावईबापू," मामा म्हणाले. "तुम्ही कुठे जाता? घर ते सातपूर, सातपूर ते घर. फार तर कधी गंगापूर धरण. आम्ही जुन्या टायरवर नवं रबर चढवून घाट काढलेत, पन्नास माणसं मागे बसवून."

आणि त्यांनी मला द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या टायरवाल्या मित्राकडे पाठवलं. या दुकानदाराला सगळे चाचा म्हणत. मामा नोकरीत असल्यापासूनची दोघांची ओळख. दर गुरुवारी सकाळी मामा त्याच्या दुकानातल्या लाकडी बाकावर बसायला जायचे. चहा, पेपर आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीवर टीका. माझी बायको त्यांना सोडायला गेली की तीही चहाला थांबायची. चाचा तिला 'बेटा' म्हणायचे आणि तिच्या चहात आलं जास्त घालायला लावायचे.

मी दुकानात गेलो तो स्वस्तातलेच घ्यायचे ठरवून. पण भिंतीला लावलेले ते चार टायर दिसले. बाहेरच्या देशातून आलेले, रुंद, परफॉर्मन्सवाले. एका बाजूला ठळक पांढऱ्या अक्षरांत नाव. माझ्या साहेबाच्या गाडीला तसेच होते. पार्किंगमध्ये ती गाडी उभी असली तरी पळतेय असं वाटायचं.

"हे माझ्या गाडीला बसतील?" मी विचारलं.

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बसतील. पण तुम्हाला नकोत."

"का?"

"याचं रबर मऊ. रस्ता पकडून ठेवतं, पावसात ब्रेक चांगला लागतो, घाटात तर फारच छान. पण झिजतं लवकर. तुम्ही शहरात चाळीसच्या वर जाणार नाही. ड्रायव्हरसाहेब बोलले ते बरोबर बोलले. साधे घ्या. त्यांचं रबर कडक, पुष्कळ चालतील."

म्हणजे विकणारा मला महागडे घेऊ नका म्हणत होता, हे कृपा करून लक्षात ठेवा. मी स्वतःला सांगितलं, सुरक्षितता महत्त्वाची, लेकरंबाळं असतात गाडीत. ते खोटं होतं. मला ती पांढरी अक्षरं हवी होती.

घेतले. पैसे दिल्यावर मात्र मामांचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

"चाचा, ही अक्षरं आतल्या बाजूला बसवता येतील?"

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "आत? अहो, लोक अक्षरं दिसावीत म्हणून हे घेतात!"

"मामांना कळायला नको."

"मग साधे घ्या ना!"

त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. मी पुन्हा आतल्या बाजूकडे बोट दाखवलं. चाचा हसले आणि त्यांनी अक्षरं आत ठेवून चारही टायर चढवले. ज्या हौसेसाठी घेतले ती हौस गाडीच्या पोटाखाली गेली. नाशिकमध्ये असा मीच एकटा असेन.

घरी सांगितलं, साधेच घेतले. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बाहेरच्या बाजूला काळ्यावर काळं, बारीक नाव होतं. वाकून पाहिलं असतं तर वाचता आलं असतं. पण तीस वर्षं स्टिअरिंगमागे बसून मामांची कंबर कामातून गेली होती आणि जावयाच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी टायरला एक लाथ घातली, म्हणाले, "झकास."

पुढची दीड-दोन वर्षं फार मजेची गेली, म्हणजे मामांची. श्रावणात सगळ्यांना घेऊन सप्तशृंगीगडावर गेलो. उतारावर एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी रोवल्यासारखी थांबली. म्हशीने आमच्याकडे सावकाश बघितलं.

"बघितलं?" मामा मागे वळून सगळ्यांना म्हणाले. "आणि लोक म्हणे महागडे टायर घेतात!"

हे त्यांनी पुढे किती जणांना सांगितलं त्याला हिशेब नाही. टायर लवकर झिजायला लागले, तेव्हा त्याचंही कारण त्यांना सापडलं. "टायर चांगले आहेत, जावईबापू. तुमचा पाय जड आहे." मी पाय हलका ठेवीन असं कबूल केलं.

दसऱ्याला गाडीची पूजा मामाच करायचे. झेंडूचा हार, चारही टायरना हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. ते टायरजवळ आले की मी "मामा, मी लावतो" म्हणून पुढे व्हायचो. त्यांना वाटायचं, जावई किती काळजी घेतो कमरेची.

मग माझ्या साडूने गाडी घेतली. साडू सुरगाण्याकडे आश्रमशाळेत शिक्षक. सोमवारी पहाटे घाटातून जायचं, शनिवारी परत. माझ्या मेव्हणीला आणि लहान मुलीला तिकडेच न्यायचं त्याच्या मनात होतं. मे महिना संपत आला होता. तिकडचा पाऊस म्हणजे थट्टा नव्हे. मामा म्हणाले, "जावईबापूंना लावलेत तेच तुलाही लावू. घाटात काय धरतात!" आणि रविवारी आम्ही सगळे चाचांच्या दुकानात: मामा, साडू, बायको, मी.

"काय शेठ," मामा बाकावर टेकत म्हणाले, "मोठ्या जावयाला दिलेत तेच चार टायर काढा."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "तेच देऊ?"

मी छताकडे बघितलं.

"घाटात जायचं तर तेच चांगले," चाचा साडूला म्हणाले आणि भिंतीवरचे काढून त्यांनी किंमत सांगितली.

मामा उठले. "शेठ, उन्हानं डोकं फिरलं का? साधे मागितले मी."

"तेच आहेत, ड्रायव्हरसाहेब. यांच्या गाडीला हेच आहेत."

साडू तरणाबांड. तो टुणकन रस्त्यावर गेला, माझ्या गाडीखाली डोकं घालून ओरडला, "मामा, इकडं आतल्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत नाव आहे!"

सगळे माझ्याकडे वळले. एका वाक्यात संपलं असतं. 'मामा, मला हौस होती, तुम्हाला दुखवायचं नव्हतं.' बस, एवढंच. थोडे चिडले असते, मग हसले असते.

त्याऐवजी मी म्हणालो, "चाचांनीच आग्रह केला. म्हणाले साधे संपलेत, हेच घ्या. ड्रायव्हरसाहेबांना सांगू नका, म्हणाले. अक्षरंही त्यांनीच आत घातली."

हे सगळं माझ्या तोंडून एका दमात, न अडखळता आलं. एरवी मला घड्याळात किती वाजले ते सांगायलाही वेळ लागतो.

चाचा फडक्याने हात पुसत होते. पुसतच राहिले. मग मामांना म्हणाले, "हो. मीच गळ्यात मारले."

का म्हणाले, ते तेव्हा मला कळलं नाही. बायको त्यांच्याकडे अशी बघत होती की मला तिथे उभं राहवेना.

"माझं नाव सांगून आलेल्या माणसाला?" मामा एवढंच बोलले. शेजारच्या दुकानातून साडूला साधे टायर घेऊन दिले आणि आम्ही घरी आलो. बायको गाडीत म्हणाली, "इतका गोड बोलणारा माणूस! म्हणूनच जपून राहावं."

पुढच्या गुरुवारी मामा घरीच बसले, त्याच्या पुढच्याही. सासूबाईंना भाजी कशी चिरायची ते शिकवू लागले. मिक्सरचा आवाज गिअर चुकल्यासारखा येतो म्हणाले. सासूबाईंनी मला फोन केला: "यांना कुठेतरी घेऊन जा हो, नाहीतर मी जाते."

आणि आकाशात ढग येऊ लागले होते. माझा साडू, मेव्हणी आणि ती मुलगी कडक रबराच्या टायरवर घाटातून जाणार होते, कारण मी एका खरं बोलणाऱ्या माणसाचा शब्द खोटा पाडला होता.

मी मामांना गाडीत घातलं आणि पेठ रोडला लागलो. नाका ओलांडल्यावर गाडी कडेला घेतली आणि सांगितलं. सगळं. चाचा आधी काय म्हणाले होते, अक्षरं आत कुणी घालायला सांगितली, पैसे, साहेबाची गाडी, सगळं.

मामांनी खिडकीची काच खाली केली.

"म्हणजे गडावर म्हैस वाचली ती महागड्या टायरमुळे?"

"हो."

"आणि तुमचा पाय जड नाही?"

"नाही."

"हूं." त्यांनी काच वर केली. "द्वारकेला घ्या."

दुकानात ते सरळ चाचांसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडायला गेले तर चाचांनी ते हात मध्येच धरले. "काय ड्रायव्हरसाहेब! जावई आहे. घरचा माणूस सांभाळायचा असतो. मी काय, बाहेरचा."

"बाहेरचा म्हणे," मामा म्हणाले आणि बाकावर बसले. चहा आला. मला कुणी बस म्हणालं नाही, मीही बसलो नाही.

त्या शनिवारी मामांनी साडूला परत चाचांकडे नेलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "घाटाला मऊ रबरच पाहिजे. माझं चुकलं होतं." चाक असलेल्या वस्तूबद्दल मामांनी आपलं चुकलं असं म्हटल्याचं घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. मेव्हणीला वाटलं, त्यांना ताप आलाय. साडूच्या गाडीला अक्षरं बाहेर ठेवून टायर बसले. त्याचे साधे आम्ही माझ्या गाडीला लावले. माझे तसेही संपत आले होते, जड पायामुळे.

मामा मला मात्र म्हणाले, "घरात मी काही सांगणार नाही. ते तुमचं काम."

ते काम मी केलं नाही. दर दसऱ्याला मामा टायरला कुंकू लावायला यायचे, माझ्या कानाशी हळूच विचारायचे, "झालं का काम?"

"करतो, मामा."

"बरं." आणि पुढच्या टायरकडे.

घरात कुणी महाग वस्तू आणली की साडू म्हणायचा, "काय, चाचा भेटला का?" सगळे हसायचे. मीही. बायको म्हणायची, "बाबा साधे आहेत, पुन्हा जाऊन बसतात त्याच्याजवळ." ती त्यांना दर गुरुवारी सोडायला जायची, पण खाली उतरायची नाही.

ते साधे टायर, सांगायला हवं, पाच वर्षं चालले. सातपूर आणि घर. चाचा आणि मामा दोघांचंही बरोबर होतं.

शेवटी एका दसऱ्याला मामांना टायरपर्यंतही वाकवेना. त्यांनी हळदकुंकवाची वाटी माझ्या हातात दिली आणि काहीच विचारलं नाही. ते न विचारणं मला जड गेलं. जेवायला सगळे बसले, श्रीखंड वाढून झालं आणि मी बोललो. पानाकडे बघत बोललो, पण काही सोडलं नाही.

साडूला हसताना ठसका लागला. मेव्हणी त्याच्या पाठीवर थापट्या मारत होती. मामा शांतपणे पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवत होते. बायको उठली. ताटं उचलली, एका डब्यात श्रीखंड-पुरी भरली, म्हणाली, "बाबा, चला. तुम्ही पण चला." हे 'तुम्ही' मला होतं, ते आवाजावरून कळलं.

सणामुळे चाचांचं दुकान गजबजलेलं, रस्त्यावर हार घातलेल्या गाड्या. चाचा म्हातारे झाले होते. गल्ल्याजवळ नुसते बसून असायचे. बायकोने डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"चाचा, आम्ही इतकी वर्षं तुम्हाला नाही नाही ते समजलो."

"अरे बेटा, दुकान कुठे बंद पडलं त्यानं?" चाचा म्हणाले. मग डब्याचं झाकण उघडत: "फक्त तू गाडीतून उतरायची बंद झालीस. आलं घालायला लावायची सवय गेली माझी."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. मग बाकावर मामांच्या शेजारी बसली. मीही टेकायला पुढे झालो.

"तुम्ही कुठे?" ती म्हणाली. "तुम्ही बसा गाडीत."

मी जाऊन बसलो. काच खाली होती. आतून आधी चाचांचा आवाज, मग मामांचा, मग बायकोचं हसू. म्हशीची गोष्ट चालली होती, नव्या माहितीसकट. दुसरा चहा आला तेव्हा मामा काठी टेकत बाहेर आले. हातात अर्धा ग्लास होता. खिडकीतून माझ्याकडे दिला.

"झालं काम," म्हणाले आणि आत गेले.

चहात आलं फार होतं. मी पूर्ण प्यायलो.