उन्हाकडे पाठ फिरवलेलं छप्पर

वरवट बकाल गावच्या शकूर मिस्त्रीला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. तो पत्रे ठोकायला छपरावर चढला की खाली हातोडा कमी आणि त्याचं तोंडच जास्त ऐकू यायचं.

त्या वर्षी बीटी कपाशीच्या बोंडातही गुलाबी अळी शिरली आणि हिंमतरावांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, डागी कापूस, म्हणजे कवडी, ढिगानं येऊ लागली. ती हातानं वेचायला तीस बाया बसत. शकूरची बायको राबिया त्यांतलीच. वेचणीच्या हॉलमध्ये भरदिवसा मोठाले दिवे जळत आणि लाईट गेली की सगळ्या हातावर हात ठेवून बसत. हिंमतराव वैतागले.

"सोमवारपासून वेचणी बंद! दिवसाउजेडी दिवे जाळून बाया बसवणं मले नाही परवडत."

शकूर उसळला. "भाऊ, सूर्य कधी बिल पाठवते का? दोन दिवस छप्पर द्या मले!"

दोन दिवसांत त्यानं दक्षिणेकडच्या उतारावर पारदर्शक फायबरचे पत्रे बसवले. ऊन तिकडूनच भरपूर ना! उत्साहाच्या भरात कोणाला विचारलं नाही, आणि इथंच गडी फसला. हॉल असा लखलखला की बायांचे डोळे दिपले. त्या झगझगाटात कवडीही पांढरीशुभ्र दिसे आणि सरळ चांगल्या ढिगात जाई. हिंमतराव पत्र्यांवर ताडपत्री टाकून पुन्हा दिवे लावायला सांगून निघून गेले. राबियाकडे पाहायची शकूरला लाज वाटली.

बायांची मुकादम सिंधूताई त्याच्याजवळ आली. "शकूरभाऊ, हे ऊन झालं, उजेड नाही. बाजारात व्यापारी कापूस कसा पाह्यते?"

शकूरनं मूठभर कापूस घेतला, अंगणात गेला आणि व्यापारी करतात तशी उन्हाकडे पाठ करून मूठ आपल्याच सावलीत धरली. पिवळा डाग लख्ख दिसला!

"अरे बाप्पा!" तो ओरडलाच. "छपरानंच पाठ फिरवली पाह्यजे!"

रविवारी त्यानं फायबरचे पत्रे काढून उन्हाकडे पाठ असलेल्या उत्तरेच्या उतारावर चढवले आणि दक्षिणेला जुने लोखंडी परत ठोकले. राबिया खालून एकेक स्क्रू देत होती.

सोमवारी हिंमतराव वेचणी बंद करायच्या तयारीनं तोंड पाडूनच आले. आत मऊ, एकसारखा उजेड पसरला होता आणि बाया भराभर वेचत होत्या. अकराच्या सुमारास यंत्रांची घरघर एकाएकी थांबली. लाईट गेली! एरवी अशा वेळी बाया हातावर हात ठेवून बसायच्या. आज एकीचाही हात थांबला नाही.

हिंमतरावांनी वर पाहिलं. "मंग हे दिवे?"

"सकाळपासून एकही लावला नाही, भाऊ," शकूर म्हणाला.

राबियानं मान वर न करता एक कवडी बाजूला टाकली. हिंमतराव क्षणभर तिच्या हातांकडे पाहत राहिले.

"सिंधूताई," ते म्हणाले, "उद्या बायाईले वेळेवर बोलवा."

शकूरला आनंदानं नाचावंसं वाटलं. सांगायला त्याच्याजवळ शंभर गोष्टी होत्या, आणि यंत्रं बंद असल्यामुळे त्या सगळ्या तीस बायांना ऐकाव्या लागल्या.