एक्स-रे काकांची चोविसावी गाडी

माझ्या काकांना गल्लीत कोणी नावाने ओळखत नाही. सगळे त्यांना एक्स-रे म्हणतात. पस्तीस वर्षं त्यांनी पाण्याच्या टाकीमागच्या गॅरेजात ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ केला आणि त्यावर रंग मारला. आता ते निवृत्त झालेत, म्हणजे काम बंद आणि खोड चालू. कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी काकांना सोबत नेतं. काका गाडीभोवती तीन फेऱ्या मारतात, बोटाच्या पेराने पत्रा वाजवतात, मग रुमालातून एक चपटं लोहचुंबक काढून दारांवर फिरवतात. रंगाखाली पुट्टी भरलेली असेल तिथे ते चुंबक धरत नाही, घसरून खाली पडतं. त्यावर काका नुसते विकणाऱ्याकडे बघतात. तो बिचारा आपण होऊन सगळी हकीकत सांगायला लागतो.

लोकांच्या गाड्यांपुरतं हे सगळं ठीक होतं. पण गाडी काकूला हवी होती, आणि तिथे या माणसाने आम्हाला अक्षरशः रडवलं.

काकूला गाडी मिरवायला नको होती. तिचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी बसच्या पायऱ्या चढायला बंदी घातली, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे जाणं तिला आठ महिन्यांपासून जमलं नव्हतं. ही मावशी स्वतः घराबाहेर पडत नाही. दर रविवारी काकू तिच्याकडे जायची आणि तिचे केस विंचरून द्यायची. "फोनवर सगळं बोलता येतं गं," काकू मला म्हणाली होती, "पण वेणी नाही घालता येत." उंच गाडीत तिचा पाय उचलत नाही, म्हणून सेडान घ्यायची एवढं ठरलं. पुढचं ठरवायला काका होते ना!

काकांचा नियम एकच. ज्या गाडीला एकदा रंग लागला ती आपल्या दारात उभी राहणार नाही. "रंगाखाली काय काय दडपतात ते मला विचार," असं म्हणत ते नाक मुरडायचे. एका गाडीच्या बॉनेटच्या बोल्टला पाना लागला होता, नापास. एकीच्या गालिच्याला ओलीचा वास येत होता, नापास. एक गाडी तर त्यांनी रस्त्याच्या पलीकडूनच नापास केली, का ते अजून सांगितलेलं नाही. मी त्यांची पुतणी, माझ्या मागे सांगायला ना नवरा ना मुलं, त्यामुळे दर शनिवारी मला काखोटीला मारून ही वरात निघायची. वैतागून मी म्हटलं, "काका, मग नवी कोरी घ्या की!" गेलो शोरूममध्ये. काकांनी चकचकीत पांढऱ्या गाडीचं मागचं दार वाजवलं आणि मॅनेजरला विचारलं, "हे कुठे आपटलं?" मॅनेजरचा चेहरा गाडीपेक्षा पांढरा झाला. ट्रकमधून उतरवताना आपटलं होतं. अशा तेवीस गाड्या झाल्या.

चोविसावी काकूने शोधली. तिच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई निवृत्त होऊन मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांची राखाडी सेडान, चौदा वर्षांची. काकू त्या दिवशी फार गप्प होती. ती गप्प असली की काहीतरी शिजत असतं, हे मला कळायला हवं होतं.

काकांनी तीन फेऱ्या मारल्या, पत्रा वाजवला, चुंबक फिरवलं. ते कुठेच घसरलं नाही. दारांच्या फटी एकसारख्या होत्या. काका उकिडवे बसले, रंगावर गाल टेकवून उजेडाची रेघ बघितली, आणि मी जन्मात ऐकलं नव्हतं ते बोलले.

"हिला कोणाचा हात लागलेला नाही. घ्यायची तर अशी घ्यावी."

"नाही हो," ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? डावीकडची दोन्ही दारं मी फाटकाला घासली होती. बारा वर्षं झाली त्याला."

"बाई, ती दुसरी कुठली गाडी असेल."

"माझ्याकडे आयुष्यात एकच गाडी होती."

काकांनी पुन्हा चुंबक लावलं. ते घट्ट बसलं. त्यांचे कान लाल झाले. "कोणी केलं काम?"

"पाण्याच्या टाकीमागच्या गॅरेजात. बारकासा, चिडका माणूस होता. गाडी कशी लावावी यावरून मला अर्धा तास झापलं. पुट्टी भरतो तो गवंडी, पत्रा सरळ करतो तो कारागीर, असं काहीतरी सारखं म्हणत होता."

मी ओठ चावून धरला. काकू शांतपणे म्हणाली, "अजून चिडकाच आहे तो."

काकांची एक सवय फक्त घरच्यांना ठाऊक होती. काम संपलं की दाराचं रबर परत बसवण्याआधी ते त्याखाली ओल्या रंगाचा अंगठा उठवायचे. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसायचा. आता त्यांनी डावीकडच्या मागच्या दाराचं रबर नखाने ओढलं. खाली राखाडी अंगठा होता. त्यांनी त्यावर आपला अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

तोवर काकू पुढच्या सीटवर जाऊन बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. "अहो, नियम तुमचा आहे," ती आतून म्हणाली. "रंग लागलेली गाडी नको, बरोबर आहे. मग सांगून टाका, त्या माणसाचं काम कच्चं होतं."

काकांनी चौथी फेरी मारली. चौथी फेरी आजवर कोणत्याच गाडीच्या नशिबी आली नव्हती.

"एक दोष आहे हिच्यात," ते म्हणाले.

"कोणता?" मी भांडायच्या तयारीने विचारलं.

"पुढच्या सीटवर बसलेली बाई उतरत नाही."

ग्रंथपाल बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी किल्ली पुढे केली. "चालवून तर बघा आधी. घाई नाही, संध्याकाळपर्यंत आणलीत तरी चालेल."

काका गाडीत बसले, आरसा नीट केला, आणि कुठे जायचं ते विचारायला काकूकडे वळले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने ते लपवलंही नाही. तिने पर्स उघडून दाखवली. आत कंगवा होता.