टेस्टिंगवाल्याचा ट्रेमोलो

स्टॅबिलायझरच्या कारखान्यात टेस्टिंगला ज्यानं उभी हयात घालवली, त्याला बिल्डिंगनं 'स्टॅबिलायझर काका' म्हणावं यात नवल नव्हतं. नवल हे, की नाव कारखान्यावरून पडलंच नव्हतं, स्वभावावरून पडलं होतं. मुलाला नोकरी लागली तेव्हा काकांचा आवाज जसा, तसाच लिफ्टमध्ये अडकल्यावरही. काकूंच्या ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की धोका टळला, तेव्हा जमलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि काकांनी विचारलं, पार्किंगचं कूपन कुणाकडे आहे. काकू हा किस्सा पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगत. सांगता सांगता एखादे वेळी मध्येच थांबत, एवढंच.

काका रिटायर झाले आणि त्याच सुमाराला मुलाची बदली झाली. खोली रिकामी करताना त्यानं आपली गिटार, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि पायानं दाबायचं एक पेडल कपाटावर ठेवलं. वापरणं होत नाही, कुणाला तरी विकून टाका, असं सांगून तो गेला.

आता, चालवून बघितल्याशिवाय माल बाहेर सोडायचा नाही, हे काकांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी वायरी जोडल्या, पेडल दाबलं आणि गिटारची एक तार छेडली. सूर निघाला आणि थरथरू लागला. मोठा होई, लहान होई, पुन्हा मोठा.

काकांनी निदान केलं: पीस खराब. त्यांनी मागचा पत्रा उघडून सोल्डरिंगचा एकेक डाग तपासला. सगळं जागच्या जागी होतं. शेवटी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, त्याला ट्रेमोलो म्हणतात. आवाज हलवण्यासाठीच असतं ते."

काका खुर्चीत बसून राहिले. मीटरचा काटा हलू नये म्हणून त्यांनी जन्म काढला, आणि जगात कुठेतरी, तो हलावा म्हणून कुणी शहाणा कारखाना काढून बसला होता. तिथेही टेस्टिंगला कुणी असणार, आणि सूर स्थिर आला की तो पीस बाजूला काढत असणार. काकांना त्या माणसाची कीव आली. मग किती हलतो ते तरी बघावं म्हणून त्यांनी नॉबला हात घातला, तो जेवण गार झालं तरी निघाला नाही.

स्पीड कमी ठेवला की सूर उघड्या खिडकीतल्या पडद्यासारखा फुगायचा आणि बसायचा. थोडा वाढवला की लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड धरून 'आ' केल्यावर यायचा तसा. एका खटक्यावर तो सरळ तुटायचा, कुणी दिव्याचं बटण खालीवर करत असल्यासारखा. दुसऱ्या खटक्यावर जाड आणि बारीक सूर आळीपाळीनं पुढे यायचे, दारात दोन पाहुणे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात तसे. तार तीच, बोट तेच. काकांना दुसरं काही वाजवता येतच नव्हतं, आणि त्याची गरजही भासत नव्हती.

काकूंना आधी वाटलं, फ्रिज चालला. वरच्या मजल्यावरच्या बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्या मते मात्र वीजच कमी-जास्त होत होती. त्यांनी तक्रार केली आणि वीज कंपनीचा माणूस मीटर घेऊन आला. त्यानं घराघरात मोजलं. काकांकडेही मोजलं. व्होल्टेज इतकं स्थिर, की तो स्वतःच ओशाळला. काकांनी त्याला गंभीरपणे दोन सूचना केल्या आणि गुन्हेगाराच्या हुशारीनं पेडलपुढे उभे राहिले.

"सप्लायचं काही नाही हो," काकू चहा देत म्हणाल्या, "आमच्याकडे हे हलवतात."

बाई तावातावानं खाली आल्या. काकांनी पुरावा म्हणून सगळे प्रकार वाजवून दाखवले. बाईंनी हाताची घडी घालून ऐकलं आणि दुपारी वाजवायचं नाही अशी ताकीद दिली. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाल्या, तो पडद्यासारखा पुन्हा एकदा लावा.

त्या गेल्यावर काकूही तिथेच पलंगाच्या कडेवर टेकल्या. सूर सावकाश थरथरत होता.

"हा घाबरल्यासारखा का वाटतो?"

"डेप्थचा नॉब जास्त फिरवलाय."

काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या. "माझ्या ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही घाबरला होतात का हो?"

काकांनी नॉब उगाच थोडा मागे घेतला, परत होता तिथे आणला.

"कूपन माझ्याच खिशात होतं," ते म्हणाले. "घरी आल्यावर सापडलं."

तार विझली तशी काकूंनीच हात लांब करून ती पुन्हा छेडली. पाहुण्यांना तो किस्सा सांगणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं. कुणी आठवण काढलीच तर विषय बदलत.

गिटार बघायला गिऱ्हाईक आलं, त्याला काकांनी सांगितलं, टेस्टिंग बाकी आहे. टेस्टिंग संपण्याचं चिन्ह दिसेना, तेव्हा काकूंनीच त्यांना कोपऱ्यावरच्या गिटारच्या क्लासला घातलं. काका ऐटीत पेडल पिशवीत घालून गेले. शिकवणारा मुलाच्या वयाचा. त्यानं पेडल बाजूला ठेवायला लावलं.

"काका, हे नंतर. आधी सूर सरळ येऊ द्या."

सरळ सूर काही केल्या येईना. तार बोटाखाली खरखरे, निसटे, रडे. शाळकरी मुली भराभर पुढच्या धड्याला गेल्या. काका बोटांना वळ घेऊन घरी आले आणि झाला प्रकार त्यांनी काकूंना जसाच्या तसा सांगितला. काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी विचारलं, येताना दूध आणलंत का. काकांनी पिशवीत पाहिलं. दूध आणायचं ते साफ विसरले होते, आणि त्याचं त्यांना विशेष काही वाटलंही नाही.