वृंदाची माशी बघायला पोशेऱ्याला

माणसं जव्हारला धबधबा बघायला जातात, सूर्यास्त बघायला जातात. मी गेले पोटदुखीपायी. वृंदा आणि मी एमएस्सीला एका बाकावर होतो. आता ती पुण्यात कीटकांवर संशोधन करते आणि मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. या उन्हाळ्यात तिने एक नवी प्रजाती जाहीर केली: खसखशीच्या दाण्याएवढी परजीवी गांधीलमाशी, दुसऱ्या किड्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी. सापडली मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याला. मी फोनवर तोंडभर अभिनंदन केलं आणि नंतर दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही.

कारण ती माशी माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीच होती. त्याच भागातून आणलेली, अल्कोहोलच्या कुपीत. कुपीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहायची असते, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. आणि स्वतः मात्र घाईत बॉलपेनने लिहिली. शाई विरघळली. नेमकी कुठल्या गावातून आणली, कोणत्या तारखेला, सगळं गेलं. पत्ता नसलेला किडा आमच्या शास्त्राच्या लेखी शून्य. वृंदाचा लेख समोर ठेवून मी ती माशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मैत्रिणीच्या कौतुकाचं नव्हतं.

लेखात एकच फट होती. वृंदाला फक्त माद्या मिळाल्या होत्या. नर कसा दिसतो, ही माशी नेमकी कुणाच्या अंड्यांत वाढते, हे तिलाही माहीत नव्हतं. ते मी शोधलं, तर तिच्या माशीला माझंही नाव चिकटणार होतं. ऑक्टोबरची सुट्टी लागली आणि मी गाडी काढली.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार. साधारण अडीच तास धरा. त्र्यंबकपर्यंत रस्ता चांगला, पुढे घाटात पावसाने केलेले खड्डे, तेव्हा पेट्रोल आणि हवा आधीच बघून घ्या. जव्हारला साधं, स्वच्छ लॉज हजाराच्या आत मिळालं. दुपारी दाभोशाला गेले. धबधबा अजून भरलेला होता, उतार निसरडा, चपला घालून जाऊ नका. वरच्या चहावाल्याने माझ्या हातातली जाळी पाहिली.

"तू पण माशीवाली का?" तो म्हणाला. "पुण्याची मॅडम येते, ती लय चांगली. आमच्या पोरीला भिंगातून मुंगी दाखवली तिनं."

इकडे सगळ्यांना एकेरीच बोलतात, त्यात कमीपणा काही नसतो. मला लागला तो 'पण'. चहा अर्धा टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी पोशेरा. नागली, म्हणजे आपली नाचणी, काढणीला आलेली, भात पिवळं पडत चाललेलं, उतारावर घरं विखुरलेली. वृंदा ज्या घरी उतरायची ते कुणीही दाखवतं. घर सोनीबायचं. पन्नाशीची बाई, भात-नागली करते, घरात आपली बोली बोलते आणि माझ्याशी मराठी. तिने नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली आणि जेवण होईपर्यंत वृंदाचे गोडवे गायले. भाकरी इतकी चांगली होती की नाइलाजाने दोन खाल्ल्या.

मग मी तिच्या बांधावर पिवळ्या वाट्या मांडल्या. पिवळ्या रंगावर किडे येतात आणि वाटीतल्या साबणाच्या पाण्यात बुडतात, आमची नेहमीची पद्धत. सोनीबाय हसायला लागली.

"ती पण ह्येच करायची. वाटीत पाणी ठेवायचं नि बसायचं. तुला पाहिजे काय, त्ये तं सांग."

मी सांगितलं. तिने मला घरामागे नेलं आणि वालाच्या वेलाचं एक पान उलटं केलं. पानामागे इवल्या पिंपांसारखी अंडी दाटीने चिकटलेली, सगळी काळी.

"हिरवा, वास मारणारा किडा हाये ना, त्याची अंडी," ती म्हणाली. "पांढरी असली तं पान तोडून चुलीत टाकायचं. काळी असली तं हात लावायचा नाय. काळ्यातनं किडा नाय निघत, बारीक माशी निघते. सासूनं शिकवलं मला."

"हे वृंदाला सांगितलंस?"

"तिनं इचारलंच नाय."

खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी फुगडी घातली. सोनीबायने ते पान खुडून माझ्या हातावर ठेवलं. "एकच ने हां," म्हणाली. "बाकीची माझ्या वालाला पाहिजेत."

परतताना वाट वाकडी करून खोडाळ्याच्या बाजारात नागली घेतली आणि वैतरणेच्या बाजूने घोटीला उतरले. रस्ता अरुंद आहे, पण घाई नसेल तर हाच घ्या. पान घातलेली काचेची नळी शेजारच्या सीटवर रुमालात गुंडाळलेली होती, आणि दर वळणावर मी तिच्यावर हात ठेवत होते.

चौथ्या दिवशी सकाळी दोन नर बाहेर आले. उडून गेले नाहीत, अंड्यांवरच थांबून राहिले. या कुळात नर आधी निघतात आणि माद्यांची वाट बघतात. दुसऱ्या दिवशी माद्या आल्या. वृंदाच्या आकृत्या शेजारी ठेवून मी एकेक सांधा, एकेक केस जुळवला. तीच माशी. लगेच वृंदाला फोन लावला. म्हटलं, आता हिचा आवाज कसा पडतो ते ऐकू या.

ती आनंदाने किंचाळली. "अगं, लेख दोघींचा करू या! नाव तुझं आधी!" तिला ते इतक्या सहज म्हणता आलं, याचाही मला राग आला. मग तिने विचारलं, "पण वालाचं पान उलटून बघायचं तुला सुचलं कसं?"

"सुचलं," मी म्हटलं. "सहज उलटलं."

याला दोन आठवडे झाले. लेखाचा मसुदा तयार आहे आणि त्यावर दोनच नावं आहेत. अख्खा उन्हाळा मी वृंदाने माझी माशी नेली म्हणून जळत काढला, आणि सोनीबायची नेताना मला एक क्षण लागला. फोन हातात घेते, पण जीभ रेटत नाही. वृंदा हा ब्लॉग सगळ्यांच्या आधी वाचते. म्हणून रस्ते, लॉज, भाकरी असं सगळं लिहीत लिहीत इथपर्यंत आले आहे. वृंदा, ते पान मी उलटलं नव्हतं.